प्रकल्प नोंदी: गॅसपासून बनलेलं इंजिन ऑइल, अल खोर (कतार) ते उद्यमनगर (कोल्हापूर)

12 जानेवारी 2024, शुक्रवार

आजपासून वहीत नोंदी करायला घेतल्या. कारण म्हणजे काका. काकांचं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज आहे, पस्तीस वर्षं झाली, मी पाना धरायला तिथंच शिकलो. काल फोनवर बोलता बोलता म्हणलं की आमच्या इथं कतारमध्ये रास लफानला नैसर्गिक गॅसपासून इंजिन ऑइल बनतं आणि मी माझ्या गाडीत आता तेच टाकणार आहे, तर काका म्हणाले "गॅस जाळायचा असतोय की रे बाळा, त्याचं ऑइल कसं हुईल? क्रूडच साफ करून देत असतील आणि वर गॅसचं नाव लावत असतील." मी दोन मिनिटं सांगायचा प्रयत्न केला पण नीट जमलं नाही. अकरा वर्षं झाली रास लफानमध्ये कंप्रेसर आणि पंपांच्या मेंटेनन्सवर, रोज हात ऑइलमध्येच असतात, गॅसपासून ऑइल बनवणारा तो पर्ल प्लांट आमचा नाही पण येता जाता बसमधून दिसतो, आणि तरी घरच्या माणसाला सरळ मराठीत सांगता येईना हे मनाला लागलं.

म्हणून ठरवलंय असं: माझ्या 2014 च्या सेडानमध्ये हे ऑइल टाकायचं, सप्टेंबरमध्ये गणपतीला घरी जाईपर्यंत हिशोब ठेवायचा, घरच्या घरी जमतील तेवढ्या चाचण्या करायच्या आणि काकांना समजेल असं सगळं लिहून काढायचं. गाडी थोडं ऑइल खाते, मागच्या 5,000 किमीत साधारण 800 मिली टॉप-अप करावं लागलं होतं, तो आकडा धरून पुढे जाऊ.

13 जानेवारी

तीन ऑइलं गोळा केली. पहिलं शेलचं हेलिक्स अल्ट्रा 5डब्ल्यू-30 (हा ऑइलच्या जाड-पातळपणाचा ग्रेड, डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते थंडीत पातळ), ज्याच्या कॅनवर प्युअरप्लस असं लिहिलेलं असतं ते, म्हणजे ज्याचं बेस ऑइल (ॲडिटिव्ह, म्हणजे गुण वाढवणारी रसायनं, मिसळण्याआधीचं मूळ ऑइल) इथल्या पर्ल प्लांटमधून येतं. दुसरं एक साधं सेमी-सिंथेटिक 5डब्ल्यू-30. तिसरं मिनरल 20डब्ल्यू-50, जे काका जुन्या गाड्यांना टाकतात त्या जातीचं.

पहिली चाचणी वजनाची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला, एक काचेची बाटली घेतली, तिच्यात पाणी भरून काट्यावर 500 ग्रॅम झालं तिथं मार्करने बारीक रेघ मारली, मग बाटली धुवून हेअर ड्रायरने पूर्ण कोरडी केली आणि प्रत्येक ऑइल त्याच रेघेपर्यंत भरून वजन केलं. खोलीत 24 अंश. गॅसचं ऑइल 415 ग्रॅम, सेमी-सिंथेटिक 425, मिनरल 440. प्रत्येक वेळी दोनदा केलं, एखाद्या ग्रॅमचा फरक पडला पण क्रम बदलला नाही. बाटली धुण्यातच निम्मी दुपार गेली, ऑइल काचेला असं चिकटून बसतं की भांड्याच्या साबणाने तीन वेळा घासावं लागलं.

एकाच ग्रेडची दोन ऑइलं आणि अर्ध्या लिटरमागे 10 ग्रॅमचा फरक. काकांना हा आकडा आवडेल, कारण ते काट्यावर विश्वास ठेवतात, कॅनवर नाही.

19 जानेवारी

फ्रीजर चाचणी. तिन्ही छोट्या बाटल्या रात्रभर उणे 18 वर ठेवल्या. सकाळी काढून आडव्या केल्या तर मिनरल काकवीसारखं हळूहळू सरकत होतं आणि गॅसचं ऑइल लगेच वाहिलं. मी खुश होऊन व्हिडिओ काढला आणि लॅबमध्ये काम करणाऱ्या मित्राला दाखवला, तो केरळचा आहे, अतिशय शांत माणूस. तो म्हणाला की तू 20डब्ल्यूची तुलना 5डब्ल्यूशी केलीस, यातला बराचसा फरक ग्रेडचा आहे, बेस ऑइलचा नाही, तुझं सेमी-सिंथेटिक बघ, तेही वाहिलंच की. बरोबर आहे त्याचं. सेमी-सिंथेटिक पण वाहिलं होतं, किंचित जड एवढंच. ही चाचणी काकांना दाखवायची नाही, त्यातून चुकीचा अर्थ निघेल. व्हिडिओ डिलीट केला.

2 फेब्रुवारी, शुक्रवार

ऑइल बदललं. पहाटे साडेपाचला सुरू केलं, थंडी होती म्हणजे इथली थंडी, 14 अंश. इंजिन पाच मिनिटं चालवून गरम केलं, रॅम्पवर चढवलं, चेंबरचा नट खोलला, जुनं ऑइल वीस मिनिटं गळू दिलं. नवीन फिल्टरच्या रबर रिंगला बोटाने नवीन ऑइल लावून हातानेच घट्ट केला, काकांनी शिकवलंय तसं, रिंग टेकल्यावर पाऊण फेरा. 4 लिटरचा कॅन पूर्ण गेला आणि दुसऱ्यातलं थोडं. मीटर 1,48,260.

(पहिल्यांदा आणलेल्या कॅनच्या झाकणाची रिंग सुटलेली वाटली होती म्हणून तो परत केला आणि दुसऱ्या दुकानातून घेतला. चाचणी करायची तर ऑइल खरं आहे याची खात्री आधी पाहिजे.)

3 फेब्रुवारी

सकाळी गाडीखाली रुपयाएवढा डाग. ड्रेन नटचा जुनाच वॉशर परत बसवला होता. चार रियालचा ॲल्युमिनियमचा वॉशर आणून बसवला, त्यात थोडं ऑइल सांडलं ते मोजून घेतलं, 60 मिली, तेवढंच परत भरलं. हिशोबातून हे 60 वगळायचे.

16 फेब्रुवारी

आता मुख्य गोष्ट, काकांसाठी लिहायला घेतली. तीनदा लिहिलं आणि खोडलं, शेवटी असं जमलं:

काका, क्रूडमधून ऑइल काढणं म्हणजे भंगारातून चांगला पार्ट शोधणं. क्रूडमध्ये हजारो जातीचे रेणू असतात, लांब, आखूड, कडीसारखे गोल, गंधकवाले, आणि रिफायनरी त्यातून नको ते काढत जाते. कितीही साफ केलं तरी जे मुळात होतं त्यातलंच काहीतरी हातात येतं. इथं उलटं आहे. इथं गॅस पूर्ण सुटा करतात आणि पार्ट नव्याने बनवतात. तुमच्या शेजारच्या फाउंड्रीत लोखंड वितळवून साच्यात ओततात ना, तसं.

गॅस म्हणजे मिथेन, एक कार्बन आणि त्याला चार हायड्रोजन. तो समुद्रातून येतो, नॉर्थ फील्ड नावाचं क्षेत्र आहे, 1971 साली सापडलं, इराणच्या हद्दीत त्याचाच दुसरा भाग आहे ज्याला ते साउथ पार्स म्हणतात, आणि दोन्ही मिळून जगातलं सगळ्यात मोठं गॅस क्षेत्र. पर्लसाठी किनाऱ्यापासून 60 किमी आत दोन प्लॅटफॉर्म आहेत, त्यांच्यावर माणूस राहत नाही. गॅस किनाऱ्यावर आला की आधी त्यातलं गंधक आणि जड गॅस बाजूला करतात. गंधक का काढायचं, तर पुढे जो कॅटलिस्ट आहे, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, तो गंधकाने मरतो.

मग हवेतून शुद्ध ऑक्सिजन वेगळा काढतात, त्यासाठीच आठ मोठी युनिटं आहेत, आणि मिथेनला तो ऑक्सिजन अर्धवट देतात. पूर्ण दिला तर जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईल, तुमच्या शेगडीत होतं तसं. अर्धवट दिला की 1,300 अंशांच्या आसपास मिथेन फुटतो आणि कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतात, एकाला दोन या प्रमाणात. याला सिन्गॅस म्हणतात. तुम्ही म्हणता गॅस जाळायचा असतो, तर हे अर्धं जाळणंच आहे, जाळायचं तिथं मध्येच थांबवलंय.

इथपर्यंत लिहून व्हॉइस मेसेज पण केला. काकांचं उत्तर: "पुढं सांग."

1 मार्च

पुढचा भाग. सिन्गॅस कोबाल्टच्या कॅटलिस्टवरून 200 ते 250 अंशांवर नेला की कार्बन एकमेकांचा हात धरायला लागतात. एक कार्बन येतो, ऑक्सिजन सोडतो, दोन हायड्रोजन घेऊन साखळीला चिकटतो, मग दुसरा, मग तिसरा, अशी साखळी वाढत जाते. ही युक्ती इथली नाही, 1925 च्या सुमाराची आहे, जर्मनीत म्युलहाइमला फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या दोघांनी काढली, तिथं कोळसा होता आणि तेल नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने त्यातून इंधन केलं, नंतर दक्षिण आफ्रिकेत ससोलने 1955 पासून कोळशावर चालवली. शेलने गॅसपासूनचा आपला पहिला मोठा प्लांट मलेशियात बिंटुलूला 1993 साली सुरू केला, आणि पर्ल म्हणजे त्याच्या कित्येक पट मोठं रूप. 2011 च्या जूनमध्ये पर्लमधून पहिला माल जहाजाने गेला. रोज 1,40,000 बॅरल जीटीएल (गॅस-टू-लिक्विड्स, म्हणजे गॅसपासून द्रव) माल काढायची क्षमता आहे, त्यात डिझेल, रॉकेल, नॅफ्था, मेण आणि आपलं बेस ऑइल.

रिॲक्टर चोवीस आहेत, प्रत्येकी 1,200 टनांचा, आणि आत हजारो बारीक नळ्या. एवढ्या नळ्या कशाला असं मला पण आधी वाटायचं. कार्बन जोडताना प्रचंड उष्णता निघते, ती लगेच काढली नाही तर तापमान चढतं आणि साखळ्या आखूड पडतात, परत मिथेनच व्हायला लागतो, सगळी मेहनत पाण्यात. म्हणून कॅटलिस्ट बारीक नळ्यांत आणि नळ्यांभोवती पाणी, त्याची वाफ होते, ती वाफ पुढे टर्बाइन आणि कंप्रेसर फिरवायला वापरतात. मी कंप्रेसरवाला म्हणून मला हा भाग फार आवडतो, ऑइल बनताना जी उष्णता सुटते तिच्यावरच पुढचं मशीन फिरतं.

2 मार्च

मुद्दा राहिलाच होता. त्या रिॲक्टरमधून ऑइल निघत नाही, मेण निघतं. लांब सरळ साखळ्यांचं पांढरं मेण, खोलीच्या तापमानाला घट्ट. बायकोने मुलीच्या शाळेच्या कामासाठी मेणबत्त्या आणल्या होत्या, त्यातली एक वितळवून काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवली, वाटीत ओतली, दहा मिनिटांत परत घट्ट. काका म्हणाले हे इंजिनात गेलं तर चेंबर जाम. अगदी बरोबर. आणि इथंच शेवटची करामत आहे.

काड्यापेटीतल्या काड्या एका दिशेने रचल्या की घट्ट बसतात, मेण म्हणजे तसं. त्याऐवजी बाभळीच्या फांद्या एकावर एक टाका, कितीही दाबा, घट्ट बसत नाहीत, मध्ये फटी राहतातच. मेणाच्या साखळ्या हायड्रोजन आणि दुसऱ्या कॅटलिस्टच्या मदतीने थोड्या तोडतात आणि त्यांना बाजूला आखूड फांद्या फोडतात. मग ते थंडीत पण गोठत नाही, पातळ राहतं, पण मूळ साखळी लांब असल्यामुळे गरम झाल्यावर एकदम पाण्यासारखं पण होत नाही. यालाच व्हिस्कॉसिटी इंडेक्स चांगला असणं म्हणतात. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) बेस ऑइलच्या वर्गवारीत हे ग्रुप तीनमध्ये बसतं, त्या ग्रुपची अट इंडेक्स 120 किंवा जास्त, गंधक 0.03 टक्क्यांपर्यंत, आणि याच्यात गंधक जवळपास नसतंच. वजन कमी का भरलं तेही आता उलगडतं: गोल कड्यांचे रेणू आकाराच्या मानाने जड असतात, ते इथं जवळपास नाहीत. 13 जानेवारीचे ते 10 ग्रॅम म्हणजे हेच. बाभळीचं उदाहरण काकांना एका दमात कळलं, म्हणाले "आता बसलं डोक्यात."

22 मार्च

रमजान, ड्युटी कमी तासांची, वाचायला वेळ मिळाला. एक हिशोब कागदावर मांडला आणि स्वतःच थक्क झालो. साखळीत एक कडी जोडली की पाण्याचा एक रेणू सुटतो. कडीचं (एक कार्बन, दोन हायड्रोजन) वजन 14, पाण्याचं 18. म्हणजे या प्लांटमध्ये वजनाने ऑइल आणि इंधनापेक्षा पाणी जास्त बनतं! वाळवंटात, जिथं प्यायचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं. पर्लमध्ये हे पाणी शुद्ध करून प्लांटमध्येच फिरवतात, समुद्रात सोडत नाहीत. काकांना हे वेगळं सांगणार, आमच्या गावाकडं टँकरची वाट बघण्यात लहानपण गेलंय.

यातली दुसरी बाजू पण लिहून ठेवतो. गॅसमधली साधारण 60 टक्के ऊर्जाच शेवटी मालात राहते, बाकी या सगळ्या जोडकामात खर्च होते. गॅस सरळ वापरला तर जास्त पुरतो. म्हणून गॅसपासून डिझेल करून जाळणं मला तितकंसं पटत नाही, पण ऑइल जळून जात नाही, महिनोन्महिने इंजिनात काम करतं, तिथं ही मेहनत सत्कारणी लागते असं माझं मत आहे.

17 मे

कामाच्या ठिकाणी जेवताना वाद. एकजण म्हणाला ग्रुप तीन म्हणजे सिंथेटिक नव्हेच, खरं सिंथेटिक पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन), ग्रुप चार. हा वाद जुना आहे, 1999 साली अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीवर तक्रार केली होती आणि निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला, तेव्हापासून तिथं क्रूडमधून हायड्रोक्रॅक केलेल्या (हायड्रोजनच्या मदतीने रेणू तोडून साफ केलेल्या) ऑइललाही सिंथेटिक म्हणता येतं. पण मी म्हणलं की या वादात गॅसच्या ऑइलला ओढू नका, ते क्रूड साफ करून केलेलं नाही, एकेक कार्बन जोडून केलंय. सिंथेटिकचा मूळ अर्थच जोडून बनवलेलं असा आहे. ग्रुप तीनमध्ये ते गुणांमुळे बसतं, जन्मामुळे नाही. आवाज थोडा चढला माझा. पण हे बोलायलाच पाहिजे होतं.

21 जून

46 अंश. बाहेरचं काम दहा ते साडेतीन बंद, 1 जूनपासून नियमच आहे. गाडी शुक्रवारी दोह्याला नेली, येताना ट्रॅफिकमध्ये तासभर एसी लावून उभी. डिपस्टिक: वरच्या खुणेपासून पाव भाग खाली. 250 मिली टाकलं. अशा उन्हात हलके रेणू उडून जातात आणि पिस्टनच्या रिंगमधून जळतात, बेस ऑइल एकसारखं असेल तर उडणारा भाग कमी. हे पुस्तकातलं, माझ्या गाडीत काय होतंय ते डिपस्टिक सांगेल.

26 जुलै

200 मिली. व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेला ओलसरपणा दिसला. जुन्या गाड्यांत रबरी सील जुन्या ऑइलने फुगलेली असतात, आणि इतकं स्वच्छ बेस ऑइल सीलला तेवढं फुगवत नाही, म्हणून कंपन्या त्यात थोडं एस्टर किंवा तसलं काहीतरी घालतात. माझी गॅस्केट दहा वर्षांची आहे, दोष ऑइलचा म्हणवत नाही. पुसून ठेवलं, आठवड्याने बघितलं तर वाढलेलं नाही.

30 ऑगस्ट

ऑइल काढलं. मीटर 1,55,400, म्हणजे 7,140 किमी. शेवटचे 150 मिली धरून टॉप-अप एकूण 600 मिली. मागच्या वेळी 5,000 ला 800. एका गाडीवरून कायदा करता येत नाही, मागच्या वेळचं ऑइल दुसऱ्या ग्रेडचं होतं, गाडी हिवाळ्यात जास्त चालली होती, तरी फरक हाताला जाणवण्यासारखा आहे. काढलेलं ऑइल काळंच आहे, व्हायलाच पाहिजे, काजळी उचलणं हे ॲडिटिव्हचं काम. मॅन्युअलमध्ये 10,000 लिहिलंय पण इथल्या धुळीत आणि उन्हात मी 7,000 वरच बदलत राहणार, बेस ऑइल टिकलं तरी ॲडिटिव्ह संपतात आणि वाळू फिल्टरमध्ये येतेच.

9 सप्टेंबर, कोल्हापूर

परवा गणपती बसले. आज सकाळी काकांच्या गॅरेजमध्ये. विमानातून ऑइल आणायच्या भानगडीत पडलो नाही, तेच ऑइल इथं कोल्हापुरात मिळालं, आणि काकांकडचा कुरिअरचा काटा. बाटलीवर रेघ मारून त्यांच्यासमोर वजन केलं, खोली गरम होती म्हणून 414 भरलं. काकांनी बाटली उन्हाकडे धरून बघितली, मग दोन थेंब अंगठ्यावर घेऊन तर्जनीने चोळले, बराच वेळ, डोळे मिटून, जसे ते गेली पस्तीस वर्षं चोळतात. "वास बेतानंच हाय. आन् तार तुटत न्हाई." परत एकदा चोळलं. मग पोरांना हाक मारून सगळ्यांच्या अंगठ्यावर एकेक थेंब दिला आणि काड्यापेटी मागवून काड्या आणि बाभळीचं पूर्ण उदाहरण पोरांना काकांनीच सांगितलं, मला बोलू दिलं नाही. शेवटी पाण्याचं पण सांगितलं, 14 आणि 18 त्यांना पाठ होते.

गिऱ्हाइकांच्या जुन्या गळक्या गाड्यांना टाकणार नाही म्हणाले, त्यांची सील पण जुनी आणि पैसे पण वाया, मला ते पटलं. स्वतःच्या चार वर्षांच्या गाडीत मात्र दुपारीच भरलं, नवीन वॉशर घालून. रिंग टेकल्यावर पाऊण फेरा. मग पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर बॉलपेनने मीटरचा आकडा आणि "गॅसचं ऑइल, 9/9/24" असं लिहिलं आणि बारीक तारेने बॉनेटच्या आत बांधलं.